इंजिनाचे माप शोधणारा सोलापूरकर

सोलापूर हे समुद्राचे गाव नव्हे. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचे तळे, गिरण्यांचे भोंगे आणि भोवतालचा ज्वारीचा कोरडा मुलूख ही या शहराची ओळख. मुंबईचे बंदर येथून चारशे किलोमीटरच्या आसपास अंतरावर. अशा गावात जन्मलेल्या एका व्यापारीपुत्राने भारतीय जहाजवाहतुकीचा पाया घातला, पुढे जहाजबांधणीचा कारखाना काढला आणि विमान व मोटार या उद्योगांचाही आरंभ केला. वालचंद हिराचंद यांचे नाव सोलापूरकरांना महाविद्यालयांच्या पाट्यांवरून रोज दिसते. मात्र त्या नावामागील आयुष्य ज्या एका प्रश्नाभोवती फिरत राहिले, त्याची आठवण सहसा काढली जात नाही. कोणत्या कामाला किती मापाचे इंजिन लावावे आणि ते इंजिन कोणाच्या हातचे असावे, हा तो प्रश्न होय.

गिरणीच्या गावातील बालपण

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. दोशी घराणे मूळचे गुजरातमधील वांकानेरचे, दिगंबर जैन. व्यापाराच्या निमित्ताने ते महाराष्ट्रात आले आणि सोलापुरात स्थिरावले. वडील हिराचंद नेमचंद हे कापूस व सावकारीच्या पेढीचे धनी असले, तरी त्यांची ख्याती जैन समाजातील सुधारक म्हणून अधिक होती. ‘जैन बोधक’ हे नियतकालिक त्यांनी सोलापुरातून सुरू केले. वालचंद तान्हे असतानाच आईचे छत्र हरपले.

त्या काळचे सोलापूर वाफेवर चालू लागलेले शहर होते. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदास यांनी येथे काढलेली सूत व कापड गिरणी ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाई. बॉयलरमधील वाफ, तिच्यावर फिरणारे यंत्र आणि त्या यंत्रावर चालणारी शेकडो माणसांची उपजीविका हे दृश्य येथील मुलांच्या नित्य परिचयाचे होते. याच मोरारजींचे पुत्र नरोत्तम मोरारजी पुढे जहाजाच्या धंद्यात वालचंद यांचे भागीदार झाले.

सोलापुरात मॅट्रिक झाल्यावर वालचंद यांनी मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे शिक्षण घेतले. पदवी मात्र पुरी झाली नाही. घरच्या पेढीत त्यांना बोलावण्यात आले. पण कापूस आणि धान्याच्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही. ज्वारीच्या व्यवहारात खोटही आली. देवघेवीपेक्षा काहीतरी उभे करावे, हा त्यांचा कल होता.

बार्शीच्या रुळांवरचा धडा

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते बार्शी लाईट रेल्वेमुळे. रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरलेले लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याकडे कामाची माहिती होती. वालचंद यांच्याकडे भांडवल उभे करण्याची ताकद होती. १९०३ च्या सुमारास दोघांची भागीदारी जमली आणि बार्शीच्या पुढे वाढवण्यात येणाऱ्या मार्गाचे काम त्यांनी घेतले.

या रेल्वेचे वैशिष्ट्य केवळ तिच्या अडीच फुटी अरुंद रुळांत नव्हते. तिची आखणी करणारे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू झालेल्या या मार्गासाठी एक साधा नियम ठरवला होता. इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. भार कमी म्हणून रूळ हलके चालत, रूळ हलके म्हणून खर्च कमी येई. इंजिन मात्र दुबळे नव्हते. त्याचे वजन अनेक चाकांवर वाटून दिले होते. जेवढा माल, जेवढा वेग, जेवढा पैसा, तेवढेच इंजिन. ठेकेदार म्हणून वालचंद यांचा संबंध प्रामुख्याने माती, खडी आणि पुलांशी होता. परंतु यंत्राचे माप कामावरून ठरवल्यास तोट्यात जाणारा मार्गही कसा तगतो, याचे उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

पुढे ठेकेदारीचा व्याप वाढत गेला. मुंबईला तानसा तलावातून येणाऱ्या पाण्याच्या नळाचे काम, बोरघाटातील रेल्वेचे बोगदे अशी कामे त्यांच्या कंपन्यांनी केली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. पण त्याआधीच एका जहाजाने त्यांना समुद्राकडे ओढले होते.

‘लॉयल्टी’ : मोठे इंजिन, तोकडा माल

पहिले महायुद्ध संपले तेव्हा जगभर जहाजांची टंचाई होती. हिंदुस्थानातील माल परदेशी जाई तो ब्रिटिश जहाजांतून, ब्रिटिश कंपन्यांनी ठरवलेल्या भाड्यात. १९१९ च्या आरंभी दिल्लीहून मुंबईला परतताना वालचंद यांना रेल्वेच्या डब्यात एक बातमी कळली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी युद्धात इस्पितळ-जहाज म्हणून दिलेली ‘लॉयल्टी’ विक्रीस होती. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्यासह त्यांनी ती विकत घेतली. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. हा दिवस १९६४ पासून देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

या प्रवासाचा गौरव नेहमी होतो; त्याच्या हिशेबाकडे मात्र दुर्लक्ष होते. ‘लॉयल्टी’ मालवाहू जहाज नव्हतेच. १८९१ मध्ये इंग्लंडमधील बॅरो येथे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने ते बांधले गेले होते, कॅनडा ते जपान व हाँगकाँग अशी टपाल आणि उतारूंची ने-आण करण्यासाठी. दोन प्रॉपेलर, त्यांना फिरवणारी वाफेची इंजिने आणि ताशी सोळा सागरी मैलांची चाल हा त्याचा थाट. टपाल वेळेवर पोचवण्याकरिता सरकारी मोबदला मिळत असेल, तर असा वेग परवडतो. कापूस, तांदूळ किंवा गळिताची धान्ये वाहताना तो परवडत नाही.

याचे कारण पाण्यातच आहे. रस्त्यावरील वाहनापेक्षा जहाजाला वेगाची किंमत फार मोजावी लागते. पाण्याचा विरोध वेगासोबत झपाट्याने वाढतो. ढोबळ नियम असा की, लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एकच जहाज ताशी दहा सागरी मैलांऐवजी सोळाने हाकायचे तर इंजिनाची ताकद सुमारे चौपट लागते आणि तेवढेच अंतर कापण्यास कोळसा सुमारे अडीचपट जळतो. शिवाय मोठ्या इंजिनाला मोठे बॉयलर लागतात, बॉयलरला अधिक खलाशी व अधिक कोळशाच्या कोठ्या लागतात आणि ही सारी जागा मालाच्या जागेतून वजा होते. असे जहाज सावकाश चालवले, तरी सुटका होत नाही. ताकदीच्या थोड्याच अंशावर चाललेले यंत्र किफायतशीर राहत नाही आणि त्याचा बोजा तर कायम वाहावाच लागतो.

त्यातच जहाज अठ्ठावीस वर्षांचे जुने. परतीचा माल व उतारू मिळवणे ब्रिटिश कंपन्यांच्या वर्चस्वामुळे कठीण. ‘लॉयल्टी’चा तोटा वाढत गेला आणि १९२३ मध्ये मुंबईतच तिला मोडीत काढण्यात आले. देशाच्या अभिमानाचे प्रतीक ठरलेले जहाज धंद्याच्या दृष्टीने चुकीच्या मापाचे होते, हे कटू सत्य वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे मोजून शिकून घेतले.

धीम्या जहाजांची लढाई

सिंदिया तगली ती तिच्या मालवाहू जहाजांमुळे. कंपनीने लंडनचा मोह आवरता घेतला आणि रंगूनचा तांदूळ, बंगालचा कोळसा, किनाऱ्यावरील मीठ अशा जड व स्वस्त मालाकडे मोर्चा वळवला. या मालाला घाई नव्हती. त्याला मोठ्या पोटाचे, कमी कोळसा खाणारे, धीम्या चालीचे जहाज हवे होते. येथे कंपनीचे माप बरोबर जुळले.

मात्र प्रतिस्पर्धी सामान्य नव्हते. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या दोन्ही कंपन्यांची सूत्रे लॉर्ड इंचकेप यांच्याकडे होती. सिंदियाला बुडवण्यासाठी भाड्याचे दर पाडण्यात आले. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने पंचाहत्तर हजार टनांपर्यंतच जहाजे बाळगावीत आणि किनाऱ्यावरील मालवाहतुकीपुरते मर्यादित राहावे, असा त्याचा आशय. हा करार जाचक होता. परंतु त्याने कंपनीचा जीव वाचवला. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, यासाठी १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले. त्या काळात ते तडीस गेले नाही. तरी वालचंद यांनी ही मागणी पुढील दोन दशके सोडली नाही.

१९२९ मध्ये मोटार अपघातात नरोत्तम मोरारजी यांचे निधन झाले आणि कंपनीचे अध्यक्षपद वालचंद यांच्याकडे आले. कोकण किनाऱ्यावर आगबोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही पुढे सिंदियाच्या छत्राखाली आली. मुंबईत गिरणीकाम करणारा रत्नागिरी-मालवणचा चाकरमानी शिमग्या-गणपतीला ज्या बोटींनी गावी जाई, त्या बोटींचा कारभार अशा रीतीने सोलापूरच्या या माणसाच्या कंपनीशी जोडला गेला.

जहाजे आता आपली होती, खलाशी आपले होते, बऱ्याच अंशी मालही आपला होता. पण जहाजाचा सांगाडा आणि त्याच्या पोटातील इंजिन दोन्ही परदेशातून येत. युद्ध पेटले की पुरवठा थांबे. म्हणून जहाज येथेच बांधावे, हा विचार वालचंद यांच्या मनात पक्का झाला.

विमान, मोटार आणि एक लहानसा भाग

१९३९ ते १९४५ या काळात वालचंद यांनी एकाच वेळी तीन यंत्रोद्योगांना हात घातला. त्यांपैकी विमानाचा कारखाना सर्वांत आधी उभा राहिला. म्हैसूर संस्थानाचे सहकार्य आणि अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांचे तांत्रिक साहाय्य घेऊन २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. ऑगस्ट १९४१ मध्ये हार्लो जातीचे पहिले प्रशिक्षण विमान तेथे आकाशात झेपावले. युद्धाच्या निकडीमुळे १९४२ मध्ये सरकारने कारखान्याचा ताबा घेतला आणि वालचंद बाजूला झाले.

त्यानंतर या कारखान्यात अमेरिकन लष्कराची विमाने दुरुस्तीसाठी येऊ लागली. त्यांत कॅटॅलिना जातीची पाण्यावर उतरणारी विमाने होती. बंगळूरजवळच्या बेळंदूर तळ्यावर ती उतरत. नावेसारखा तळ असलेल्या या प्रत्येक विमानाला सुमारे बाराशे अश्वशक्तीची दोन पेट्रोल इंजिने होती आणि प्रत्येक इंजिनाला चौदा सिलिंडर. त्या प्रचंड यंत्राला पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पुरवण्याचे काम एक भाग करी, तो म्हणजे कार्ब्युरेटर.

कार्ब्युरेटरचे कार्य समजण्यास कठीण नाही. सिलिंडरमधील दट्ट्या खाली जाताना हवा ओढतो. ती हवा एका नळीच्या अरुंद गळ्यातून जाते. गळ्याशी तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि त्या दाबाच्या फरकाने बारीक छिद्रातून पेट्रोल वर खेचले जाऊन हवेत विखुरते. वजनाने सुमारे पंधरा भाग हवा आणि एक भाग पेट्रोल हे साधारण प्रमाण. सारा प्रश्न त्या गळ्याच्या मापाचा असतो.

पुढे मुंबईच्या रस्त्यांवर राज्य केलेल्या प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण घेता येईल. तिच्या इंजिनाची क्षमता १०८९ घनसेंटीमीटर. चार टप्प्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच भरतो. मिनिटाला ४८०० फेरे धरले, तर हे इंजिन मिनिटाला सुमारे २६०० लिटर हवा मागते. सिलिंडर प्रत्यक्षात पूर्ण भरत नाहीत म्हणून ती मागणी ऐंशी टक्के धरली, तर सुमारे २१०० लिटर. एवढी हवा सुखाने जाऊ देणारा, पण कमी फेऱ्यांवरही हवेचा वेग टिकवणारा गळा हे त्याचे योग्य माप. गळा मोठा घेतला की हवा संथ होते, पेट्रोल नीट फुटत नाही, इंजिन अडखळते आणि प्लग काळे पडतात. गळा लहान घेतला की जादा फेऱ्यांवर इंजिनाची घुसमट होते. मोठे ते चांगले, हा समज येथे हमखास फसवतो.

बोटीच्या इंजिनाला हे अधिकच लागू पडते. मोटार उतारावर मोकळी धावते, गिअर बदलून श्वास घेते. बोटीला ती सवलत नाही. प्रॉपेलर सतत पाणी कापत असतो आणि इंजिन तासन्‌तास ओझ्याखाली जवळजवळ एकाच गतीने चालते. म्हणून बोटीसाठी कार्ब्युरेटर निवडताना इंजिनाच्या माहितीपत्रकावरील सर्वोच्च फेरे धरून चालत नाही. बसवलेला प्रॉपेलर इंजिनाला पाण्यात प्रत्यक्ष किती फेरे घेऊ देतो, तो आकडा धरावा लागतो. तो बहुधा कमी असतो, त्यामुळे गळाही बेताचाच पुरतो. आणखी एक काळजी आवश्यक असते. मोटारीतून ठिबकलेले पेट्रोल रस्त्यावर पडून उडून जाते. बोटीत त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते आणि एका ठिणगीने स्फोट होतो. त्यामुळे बोटीच्या कार्ब्युरेटरमधील जादा पेट्रोल बाहेर न सांडता गळ्यातच परतेल अशी रचना केलेली असते आणि तोंडावर ज्वाला अडवणारी जाळी बसवलेली असते. मोटारीचा कार्ब्युरेटर उचलून बोटीला लावणे हे म्हणूनच घातक ठरते.

एवढ्याशा भागाचे इतके शास्त्र असेल, तर संपूर्ण मोटार देशात बनवणे किती अवघड, याची कल्पना येते. वालचंद यांचा मोटार कारखान्याचा प्रयत्न १९३९ पासूनचा. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी या उद्योगाची योजना आधीच मांडली होती. वालचंद यांनी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी बोलणी यशस्वी केली. परंतु युद्धकाळात सरकारने या उद्योगाला पाठबळ नाकारले. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली. आरंभी सुटे भाग परदेशातून आणून येथे जोडणी होई. पत्रा, चौकट, आसने येथे करणे तुलनेने सोपे होते. इंजिन व त्याच्याशी निगडित नाजूक भाग देशी करण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

पेट्रोल इंजिनाखेरीज दुसरा मार्गही त्यांनी चोखाळला होता. सर धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये सुरू केलेला साताऱ्याचा कूपर कारखाना लोखंडी नांगर, उसाचे चरक बनवत असे. १९३० च्या दशकात तेथे डिझेल इंजिनेही तयार होऊ लागली. १९४० च्या सुमारास हा कारखाना वालचंद समूहात आला. डिझेल इंजिनाला कार्ब्युरेटर लागत नाही. पंप आणि फवारणीच्या तोटीतून इंधन थेट सिलिंडरमध्ये जाते. डिझेल पेट्रोलसारखे सहज पेटत नाही आणि कमी फेऱ्यांवर जोर चांगला देते. विहिरीवरील पंपापासून मच्छीमारांच्या यांत्रिक नौकांपर्यंत हेच इंजिन पुढे रूढ झाले, ते या गुणांमुळे.

‘जलउषा’ आणि अपुरा राहिलेला भाग

जहाजबांधणीच्या कारखान्यासाठी वालचंद यांची पहिली पसंती कलकत्त्याला होती. तेथे जागा मिळाली नाही, म्हणून विशाखापट्टणम निवडण्यात आले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. काम विस्कळीत झाले, माणसे व सामान हलवावे लागले. युद्ध संपल्यावर पुन्हा घडी बसवण्यात आली.

१४ मार्च १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ‘जलउषा’ पाण्यात उतरली. आठ हजार टन भार वाहणारे हे जहाज स्वतंत्र भारतात बांधलेले पहिले मोठे पोलादी जहाज ठरले. ‘लॉयल्टी’ टपालाच्या वेगासाठी बांधलेली होती. ‘जलउषा’ माल वाहण्यासाठी. एकोणतीस वर्षांपूर्वी चुकलेले माप या जहाजाच्या आराखड्यात दुरुस्त झाले होते. तरीही एक उणीव राहिलीच. सांगाडा विशाखापट्टणमच्या कामगारांनी जोडलेला असला, तरी मुख्य इंजिन परदेशातून आणावे लागले. रांचीच्या कारखान्यात जहाजांची डिझेल इंजिने तयार होऊ लागली, ती वालचंद यांच्या निधनानंतरच्या काळात.

हा कारखानाही त्यांच्या हाती राहिला नाही. जहाजबांधणीला लागणारे भांडवल खासगी कंपनीच्या आवाक्याबाहेरचे होते. १९५२ मध्ये सरकारने त्यातील दोन तृतीयांश हिस्सा घेतला आणि १९६१ मध्ये तो पूर्णपणे सरकारी झाला. वालचंद यांच्या कारकिर्दीवरील मुख्य आक्षेप हाच होता की, त्यांचे बेत त्यांच्या पैशाच्या तुलनेत फार मोठे असत. हा आक्षेप निराधार नाही. विमान आणि जहाजबांधणी हे दोन्ही उद्योग त्यांनी सुरू केले आणि दोन्ही चालवण्यास सरकार लागले. यंत्राचे माप नेमके ओळखणाऱ्या या माणसाला स्वतःच्या भांडवलाचे माप मात्र अनेकदा जुळवता आले नाही. तथापि ते माप काटेकोर जुळेपर्यंत ते थांबले असते, तर युद्धाच्या धामधुमीत यांपैकी एकही कारखाना उभा राहिला नसता, हेही तितकेच खरे.

मागे राहिलेला वारसा

१९४९ मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी कारभारातून निवृत्ती पत्करली. अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सरकारने, देशात भाग बनवण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच मोटार उद्योगात राहू देण्याचे धोरण स्वीकारले आणि केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी काढता पाय घेतला. ज्या आग्रहासाठी ते दीड दशक झगडले, तो मान्य झाल्याची फळे त्यांना पाहता आली नाहीत.

काळाने त्यांच्या बऱ्याच संस्था मागे टाकल्या. सिंदियाची जहाजे आता समुद्रावर नाहीत. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये सिंदिया हाउस ही इमारत तेवढी उभी आहे. काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीसेवेतून अखेरची निवृत्त झाली. मोटारीतील कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक इंधन फवारणीने घेतली. हवेचे आणि पेट्रोलचे प्रमाण आता संगणक क्षणोक्षणी ठरवतो. बंगळूरचा कारखाना हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणून आणि विशाखापट्टणमचा हिंदुस्थान शिपयार्ड म्हणून कार्यरत आहे.

सोलापूरच्या सर्वांत जवळचा दुवा मात्र इंदापूर तालुक्यात आहे. कळंब येथील माळरानावर १९३० च्या दशकात वालचंद यांनी साखर कारखाना काढला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. साखर कारखान्यांची यंत्रे बनवता बनवता येथील कारखान्याने अवजड यंत्रनिर्मितीत जम बसवला आणि पुढे भारतीय नौदलाच्या युद्धनौकांसाठी गिअरबॉक्स घडवले. जहाजात गिअरबॉक्सचे काम असते इंजिन व प्रॉपेलर यांचा मेळ घालण्याचे. इंजिनाला वेगाने फिरणे मानवते, प्रॉपेलरला सावकाश. दोघांनाही परवडेल असे माप गिअरबॉक्स काढून देतो.

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सोलापुरात १९८३ मध्ये सुरू झालेली वालचंद तंत्रशिक्षण संस्था येथून दरवर्षी शेकडो अभियंते बाहेर पडतात. समुद्र न पाहिलेल्या गावांतून आलेल्या या मुलांना इंजिनाची शक्ती, वेग आणि भार यांचे गणित पहिल्या-दुसऱ्या वर्षीच शिकवले जाते. वालचंद यांना तेच गणित शिकण्यासाठी एक आख्खे जहाज मोडीत काढावे लागले होते.